एकट्याने धावणारा डबा
(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



रेल्वेवर कोणी बोलणार म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाफेचं इंजिन उभं राहतं. धूर, शिट्टी, फावड्याने कोळसा मारणारा फायरमन. आजच्या गाडीत यातलं काहीच सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. एकच डबा. त्याच्या दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. आणि कडेला, चौकटीबाहेर टांगलेलं बसचं डिझेल इंजिन. ब्रिटनमध्ये तिला रेलकार म्हणत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९३३ ते १९४२ या काळात अशा ३८ गाड्या रुळावर आणल्या आणि त्यांतली शेवटची १९६२ साली कामावरून उतरली.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांची हयात एस.टी.च्या वर्कशॉपात गेली. इंजिन उतरवायचं, दुसरं चढवायचं, गाडी संध्याकाळच्या फेरीला हजर करायची. ज्या लेलँडचं नाव आपल्याकडे मद्रासच्या अशोक लेलँडमुळे घरोघरी पोचलं, त्या मूळच्या इंग्लिश लेलँडचं इंजिनही आजच्या गोष्टीत येणार आहे. म्हणून हा विषय इथे अगदीच परका ठरू नये.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या गाड्यांचं यंत्र चांगलं होतं. त्यांचा खर्च कमी होता, लोकांना त्या आवडल्या, आणि लोकांना आवडल्या म्हणूनच त्या अडचणीत आल्या. माणसं वाढली की मागे आणखी एक डबा जोडायचा, हा आगगाडीचा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा गुण. तोच गुण काढून टाकून ही गाडी बनवली होती. ब्रिटिश रेल्वे हा धडा एकदा शिकली, विसरली, पुन्हा शिकली, पुन्हा विसरली. आज त्या विसरण्याचाच हिशोब मांडायचा आहे.

पहिला धडा वाफेच्याच काळातला. ऑक्टोबर १९०३मध्ये ग्रेट वेस्टर्नने ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यात, चॅल्फर्ड ते स्टोनहाउस, अशी एक नवी गाडी सुरू केली. प्रवासी डब्याच्याच एका टोकाला छोटं वाफेचं इंजिन बसवलेलं. खोऱ्यात ट्राम आणण्याची भाषा सुरू झाली होती. ट्राम येण्याआधीच लोकांना दारात गाडी द्यायची, असा बेत. रस्ता जिथे रुळांना भेटेल तिथे लाकडी फलाट टाकून हॉल्ट काढले. गाडी चालली, इतकी चालली की पुढच्या पाच वर्षांत कंपनीने अशा ९९ रेलमोटर बांधल्या. मग गर्दी वाढली. मागे एक डबा जोडला तर चढावर इंजिन दमायला लागलं, न जोडला तर माणसं फलाटावर राहायला लागली. शिवाय इंजिन आणि डबा एकजीव असल्यामुळे बॉयलर धुवायचा तर प्रवाशांच्या गाद्याही काजळीने भरलेल्या शेडमध्ये जाऊन उभ्या. अखेर बहुतेक रेलमोटरांची इंजिनं काढून टाकली, नुसते डबे शिल्लक ठेवले आणि ते साध्या छोट्या इंजिनांना जोडले. ड्रायव्हरने डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसून इंजिन चालवायचं, अशी सोय केली. म्हणजे फिरून आगगाडीच झाली, जोडता येणारी आणि सोडता येणारी.

पहिलं महायुद्ध संपलं आणि सैन्याने विकायला काढलेल्या लॉऱ्यांतून इंग्लंडात बसचा धंदा उभा राहिला. बस गावाच्या चौकात थांबे. स्टेशन बहुधा गावापासून दूर. १९२८च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रस्त्यावरच्या वाहतुकीत उतरण्याची मुभा मिळाली, आणि बस कंपन्यांचे समभाग घेऊन त्या आपल्याच स्पर्धकाच्या भागीदार झाल्या. पण शाखामार्गांचं काय करायचं? तिथे दिवसाला मोजकी माणसं. त्यांच्यासाठी इंजिन पहाटे पेटवायचं, तासन्‌तास तापवायचं, ड्रायव्हर आणि फायरमन असे दोघे त्यावर ठेवायचे, पाणी भरायचं, राख काढायची आणि टोकाला पोचल्यावर इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला आणायचं. काही गरीब लाइनींनी यावर आपल्या परीने तोड काढली. कर्नल स्टीफन्स नावाचे एक गृहस्थ अशा अनेक कंगाल छोट्या रेल्वे सांभाळत. त्यांनी फोर्डच्या दोन बस पाठीला पाठ लावून रुळावर घातल्या, म्हणजे टोकाला वळवायची भानगड नको. त्यांतून प्रवास करणाऱ्यांची हाडं खिळखिळी होत असत म्हणतात. पण कर्नलसाहेबांच्या हिशोबात हाडांचा रकाना नव्हता.

मोठ्या कंपन्या मात्र डिझेलकडे जपून पाहत होत्या. ते समजण्यासारखं आहे. ब्रिटनच्या पोटात कोळसा होता आणि तेल जहाजाने आणावं लागे. ग्रेट वेस्टर्नचं तर साउथ वेल्सच्या कोळशाच्या वाहतुकीवर पोट भरत होतं. आपल्या गिऱ्हाइकाचा माल सोडून परदेशी तेल जाळायचं, हे संचालकांना सहज पटणारं नव्हतं.

पाऊल उचललं ते एका यंत्रकारखान्याने. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने १९३२मध्ये ‘टाइनसाइड व्हेंचरर’ ही डिझेल-इलेक्ट्रिक रेलकार लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेवर चालवून दाखवली. २५० अश्वशक्तीचं इंजिन, त्यावर जनित्र, जनित्रातून विजेच्या मोटरी. तिच्यामागून ‘लेडी हॅमिल्टन’ आणि ‘नॉर्दम्ब्रियन’ आल्या. ‘नॉर्दम्ब्रियन’ला तर फेब्रुवारी १९३३मध्ये आतून दिवाणखान्यासारखं सजवून, अवघ्या १२ आसनांची करून, लंडनच्या यूस्टनहून कॅसल ब्रॉमिचला ब्रिटिश उद्योग प्रदर्शनासाठी व्यापारी नेण्याच्या कामाला लावलं. जाहिरात झाली. पण या गाड्या जड होत्या, महाग होत्या. तीनच्या पुढे संख्या गेली नाही आणि १९३९पर्यंत त्या मोडीतही निघाल्या.

खरं चाललं ते बसवाल्यांचं. पश्चिम लंडनमधल्या साउथॉलला, ग्रेट वेस्टर्नच्या मुख्य मार्गाला लागूनच, ए.ई.सी. म्हणजे असोसिएटेड इक्विपमेंट कंपनीचा कारखाना. लंडनच्या दुमजली बस इथेच बनत. त्यांनी नुकतंच बससाठी सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन तयार केलं होतं. तेच इंजिन रुळावर का चालू नये, या विचाराने त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक रेलकार बांधली. वरचा सांगाडा पार्क रॉयल या बस बांधणाऱ्या कंपनीचा. नोव्हेंबर १९३३मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात व्यापारी मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. लॉऱ्या आणि बस यांच्या रांगेत ही रेल्वेची गाडी उभी! ग्रेट वेस्टर्नने ती विकत घेतली आणि तिला क्रमांक दिला एक.

तिच्या यंत्राविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण पुढच्या ३० वर्षांचं बीज त्यात आहे. इंजिन १२०-१३० अश्वशक्तीचं, म्हणजे बसमध्ये शोभेल एवढंच. डब्याचं वजन सुमारे २४ टन, आसनं ६९. इंजिन चौकटीच्या बाहेर, कडेला उभं. बाजूचा पत्रा उचलला की मेकॅनिकच्या हाताशी. बिघडलं तर तिथल्या तिथे पोट फाडत बसायचं नाही. उतरवायचं आणि तयार असलेलं दुसरं लावायचं. बस डेपोची ही शिस्त रेल्वेला नवी होती. वाफेचं इंजिन दुरुस्तीला गेलं की आठवडेच्या आठवडे कारखान्यात पडून असे.

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायची कशी, हा खरा पेच. क्लच दाबून गिअर टाकायचा तर २४ टनांचा डबा धक्के खात निघणार. त्यावर तोड म्हणजे फ्लुइड फ्लायव्हील. तेलाने भरलेल्या एका भांड्यात समोरासमोर दोन वाट्या आहेत अशी कल्पना करा. एक इंजिनाला जोडलेली, दुसरी गिअरबॉक्सला. एकमेकींना त्या चिकटलेल्या नाहीत. पहिली फिरू लागली की तिच्या पात्यांनी फेकलेलं तेल दुसरीवर आदळतं आणि तिला फिरवतं. सुरुवातीला घसरण जास्त, वेग वाढला की नगण्य. त्यामुळे गाडी हळुवार सुटते आणि इंजिन बंदही पडत नाही. पुढे विल्सनचा गिअरबॉक्स. यात पुढचा गिअर ड्रायव्हरने आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की तो लागू करायचा. या दोन्ही वस्तू त्या वेळच्या लंडनच्या बसमध्ये होत्याच. रेल्वेच्या माणसांनी त्यात नवं असं काही शोधलं नाही, आणि माझ्या मते हेच त्यांचं शहाणपण. रस्त्यावर रोज हजारो फेऱ्यांत तावूनसुलाखून निघालेलं यंत्र त्यांनी उचललं.

बाहेरून मात्र ती बससारखी मुळीच दिसत नव्हती. दोन्ही टोकं गोलावलेली, खालचा भाग पत्र्याने झाकलेला, रंग चॉकलेटी आणि मलई. वारा कापण्याच्या कल्पनेचं तेव्हा जगभर वेड होतं. लोकांनी लगेच नाव ठेवलं, उडतं केळं. ४ डिसेंबर १९३३ला ती स्लाउच्या आसपास कामाला लागली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेकमधल्या किरकोळ दुरुस्तीसाठी परत गेली. फेब्रुवारी १९३४मध्ये पुन्हा आली, ती मग टिकली. विंडसर, हेन्ली, रेडिंग, डिडकोट या टापूत ती एका दिवसात इतक्या फेऱ्या करी की तेवढ्या कामाला वाफेच्या गाडीला वेगळी तयारी लागली असती. टोकाला पोचलं की ड्रायव्हर चालत दुसऱ्या खोलीत जाई, झालं. फायरमन नाही, पाण्याचा खांब नाही, राखेचा खड्डा नाही. ड्रायव्हरचे कपडे संध्याकाळी सकाळइतकेच स्वच्छ, आणि पुढे काचेतून सगळा मार्ग उघडा. वाफेच्या इंजिनावर त्याला लांबलचक बॉयलरच्या बाजूने डोकं काढून सिग्नल शोधावे लागत.

कंपनीचा उत्साह वाढला. लगेच तीन गाड्या मागवल्या: क्रमांक २, ३ आणि ४. प्रत्येकीत दोन इंजिनं, ताशी ८० मैल म्हणजे जवळपास १३० किलोमीटर वेग, आत छोटं उपाहारगृह, स्वच्छतागृह, आणि आसनं फक्त ४४. जुलै १९३४मध्ये बर्मिंगहॅमच्या स्नो हिल स्टेशनहून कार्डिफला जाणारी जलद सेवा त्यांच्यावर सुरू झाली. ११७ मैलांचं अंतर, मध्ये ग्लॉस्टर आणि न्यूपोर्ट असे दोनच थांबे, वेळ सुमारे दोन तास वीस मिनिटं. भाड्यावर जादा आकार होता, तरी व्यापारी-दलाल मंडळींनी गाडी उचलून धरली. सकाळी निघून काम उरकून संध्याकाळी घरी. ब्रिटनमधली ही पहिली लांब पल्ल्याची जलद डिझेल सेवा.

आणि इथेच ४४ हा आकडा बोचायला लागला. पंचेचाळिसाव्या प्रवाशाचं काय करायचं? वाफेच्या गाडीत हा प्रश्नच नव्हता. स्टेशनमास्तर यार्डातून एक डबा आणवी आणि लावी. रेलकारला नेहमीचे भक्कम बफर आणि जोडणीचं सामान दिलेलंच नव्हतं. वजन वाचवायचं, वाऱ्याला आडवं काही ठेवायचं नाही, म्हणून. मग ७० आसनांच्या मोठ्या रेलकार या मार्गावर लावल्या. त्याही भरल्या. गर्दीच्या वेळी पुन्हा इंजिन आणि डबे काढावे लागले, आणि पुढे ही सेवा साध्या वाफेच्या गाडीनेच पार पाडली जाऊ लागली. ज्या गाडीने गिऱ्हाईक निर्माण केलं तिलाच त्या गिऱ्हाइकामुळे घरी बसावं लागलं.

त्याच सुमारास हा मुद्दा दुसऱ्या एका माणसाने नेमका हेरला होता. मे १९३३मध्ये जर्मनीत बर्लिन-हॅम्बुर्गदरम्यान ‘फ्लीगेंडर हॅम्बुर्गर’ ही दोन डब्यांची डिझेल गाडी ताशी १६० किलोमीटरने धावू लागली होती. लंडन-न्यूकॅसलसाठी अशीच गाडी देऊ, असं जर्मन कारखानदारांनी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेला कळवलं. तिथले मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेस्ली यांनी हिशोब घातला. जर्मन गाडीत आसनं थोडी, जेवणाची सोय तुटपुंजी. मार्च १९३५मध्ये त्यांच्या ‘पपायरस’ या वाफेच्या इंजिनाने ताशी १०८ मैलांचा वेग गाठून दाखवला. सप्टेंबरअखेर ‘सिल्व्हर ज्युबिली’ ही सात डब्यांची गाडी न्यूकॅसलहून लंडनला चार तासांत पोचू लागली. ती भरून जाऊ लागली तेव्हा १९३८मध्ये आठवा डबा जोडला. बस्स, जोडला! डिझेलचे अभिमानी आजही ग्रेस्लींना जुन्या वळणाचे म्हणतात. मला ते पटत नाही. त्या वर्षी, त्या मार्गावर, त्यांचं गणित बरोबर होतं.

हाच मुद्दा ओळखणारा आणखी एक माणूस आयर्लंडात होता. तिथे वायव्य टोकाला डोनेगल परगण्यात तीन फुटी नॅरोगेजची एक रेल्वे होती. तो मुलूख तोवर ब्रिटनपासून वेगळा झाला होता, पण या रेल्वेची निम्मी मालकी पुढे इंग्लंडच्याच लंडन मिडलँड अँड स्कॉटिश कंपनीकडे आलेली. तिचे व्यवस्थापक हेन्री फोर्ब्स यांनी १९३१ सालीच डिझेल रेलकार चालवली होती. सगळ्या ब्रिटिश बेटांवरची ती पहिली. तिला ना गोलाई, ना केळ्याचा डौल. बसचं तोंड आणि मागे डबा, त्यामुळे टोकाला पोचल्यावर गोल फिरत्या टेबलावर तिला वळवावं लागे. पण फोर्ब्स यांनी दोन गोष्टी ओळखल्या. एक, माणूस जिथे उभा असेल तिथे गाडी थांबली पाहिजे. फाटकापाशी, पायवाटेपाशी, कुठेही. दुसरी, तिच्या मागे काहीतरी लावता आलं पाहिजे. जास्तीच्या माणसांसाठी एखादा डबा, बाजाराच्या दिवशी मालाच्या एक-दोन वाघिणी. गरीब लाइन असल्यामुळे तिला एवढंही न जोडता येणारी गाडी परवडलीच नसती. ती रेल्वे १९५९च्या अखेरपर्यंत तग धरून राहिली, आणि तिच्या शेवटच्या दोन रेलकार पुढे आइल ऑफ मॅनच्या रेल्वेने घेतल्या.

आता ग्रेट वेस्टर्नकडे परत येऊ, कारण माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची गाडी अजून यायची आहे. क्रमांक ५ ते १६ या गाड्यांचे सांगाडे ग्लॉस्टरच्या डबे बांधणाऱ्या कारखान्याने केले. क्रमांक १७ मध्ये आसनंच नव्हती. ती केवळ पार्सलसाठी, आणि कुशीवर मोठ्या अक्षरांत ‘एक्स्प्रेस पार्सल्स’ लिहिलेलं. तिचं कौतुक कमी होतं, पण मला ती आवडते. पार्सलं उभी राहिल्याची तक्रार करत नाहीत.

आणि मग १९३७मध्ये आली क्रमांक १८. तिची नेमणूक झाली लॅम्बोर्नच्या शाखेवर. न्यूबरीपासून बर्कशरच्या टेकड्यांत शिरणारी ही बारा मैलांची लाइन. लॅम्बोर्न म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचं गाव. चहूकडे तबेले, सकाळच्या धुक्यात कुरणांवर घोड्यांची दौड, आणि इंग्लंडातल्या कुठल्याही मैदानावर शर्यत असली की इथून घोडे जाणार. घोडा जायचा तो रेल्वेच्या खास डब्यातून. त्या डब्यात घोड्यांसाठी ठाणी आणि मोतद्दारासाठी एक छोटी खोली असे. हे डबे प्रवासी गाडीलाच जोडत, कारण शर्यतीचा घोडा मालगाडीबरोबर रखडवून चालत नाही. त्याचा मालक कोण असेल सांगता येत नाही, एखादे वेळी राजघराण्यातलाही असायचा.

तेव्हा लॅम्बोर्नला रेलकार पाठवायची तर तिने घोडे ओढले पाहिजेत. म्हणून क्रमांक १८ला सर्वसाधारण डब्यासारखे भक्कम बफर आणि जोडणीचे हूक बसवले, गिअरची मांडणी बदलली आणि सुमारे ६० टन वजन ती ओढू शकेल अशी व्यवस्था केली. आसनं ४९ राहिली. दिसायला ती आधीच्यांहून जराशी बोजड; वजनही वाढलं. वारा कापण्याचे हिशोब करणाऱ्याला हे पाहून वाईट वाटलं असेल. पण त्या दोन बफरांनी रेलकारला पुन्हा रेल्वेच्या संसारात घेतलं. तिच्या मागे प्रवासी डबा लावता येऊ लागला, दुधाचे कॅन नेणारा डबा लावता येऊ लागला, आणि ती कुठे बंद पडलीच तर कोणतंही इंजिन तिला ओढून आणू शकत होतं. प्रदर्शनात मांडण्याची वस्तू होती, ती आता कामाची गाडी झाली, आणि हे काम करवून घेतलं एका खेड्यातल्या घोड्यांनी. त्यांच्या नावाने त्या गावात काही स्मारक आहे असं मी ऐकलेलं नाही.

यानंतरच्या सगळ्या रेलकारांनी हाच वसा घेतला. क्रमांक १९ ते ३८ या गाड्या युद्धाच्या काळात, १९४० ते ४२ दरम्यान, ग्रेट वेस्टर्नच्या स्वतःच्या स्विंडन कारखान्यात बांधल्या गेल्या, यंत्र ए.ई.सी.चंच. गोलाई गेली, टोकं कोनदार झाली. त्यांतल्या शेवटच्या चार गाड्या दोन-दोनच्या जोड्या करून बांधल्या होत्या. प्रत्येक गाडीला एकाच टोकाला ड्रायव्हरची खोली, आणि एकाच खोलीतून दोन्हींची इंजिनं चालत. हवा असेल तर दोहोंच्या मध्ये एक साधा डबाही घालता येई. बर्मिंगहॅम-कार्डिफला जे ४४ आसनांच्या काळात हवं होतं ते आता मिळालं, पण तोवर युद्धाने सगळी वेळापत्रकं विस्कटली होती.

या कोनदार गाड्यांचं रोजचं आयुष्य मुख्य मार्गांच्या झगमगाटापासून दूर गेलं. साउथॉल, वूस्टर अशा शेडमधून त्या निघत. सेव्हर्नच्या काठाकाठाने ब्रिजनॉर्थकडे, बेवडलीहून टेनबरी वेल्सला, वूस्टरहून ब्रॉमयार्डच्या डोंगराळ भागात, आणि स्टाउरब्रिज जंक्शन ते टाउन या मैलभरही नसलेल्या लाइनीवर दिवसभर इकडून तिकडे. हॉल्टवर तिकीटघर नसेल तर गार्डच तिकिटं फाडी. रात्री त्या परत येत त्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्येच. हे त्यांचं खरं दुखणं. वर धुराड्यांतून काजळी पडतेय, खाली राखेची पूड उडतेय, आणि त्यात डिझेलच्या पंपाचे नाजूक भाग उघडायचे. ज्या फिटरच्या हाताला जाड पाना आणि हातोडा सवयीचा, त्याच्यापुढे बसचं इंजिन. साउथॉलला ए.ई.सी. शेजारीच होती, तिथे निभावलं. दूरच्या शेडमध्ये ज्याची त्याची हुशारी. शिवाय तेलाने माखलेली चौकट, गरम धुरांड्याची नळी आणि वर लाकूड वापरून केलेला डबा. काही गाड्या आगीत गेल्या आणि पुन्हा रुळावर आल्या नाहीत. युद्धानंतर सुटे भाग मिळेनात तेव्हा एक गाडी मोडून दुसरी चालवणं सुरू झालं. एस.टी.त काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता दुसऱ्या एका कंपनीचं थोडक्यात. लंडन मिडलँड अँड स्कॉटिशने १९३८मध्ये डर्बीला तीन डब्यांची एक जोडगाडी बांधली. तिला १२५ अश्वशक्तीची सहा लेलँड इंजिनं आणि तेलाच्या प्रवाहातून ताकद पोचवणारे टॉर्क कन्व्हर्टर. ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि नंतर लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरून ती धावली. युद्ध सुरू होताच ती बाजूला ठेवली गेली आणि पुन्हा प्रवाशांच्या कामाला आली नाही. फार चांगली गाडी आणि फार वाईट मुहूर्त.

१९४८मध्ये सगळ्या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. नव्या ब्रिटिश रेल्वेने आधी वाफेचीच नवी इंजिनं बांधली. डिझेलकडे वळण्याचा निर्णय झाला तेव्हा हाताशी अनुभव होता तो दोघांचा: ग्रेट वेस्टर्नच्या ३८ गाड्यांचा आणि डर्बीच्या त्या एका संचाचा. जून १९५४मध्ये लीड्स-ब्रॅडफर्ड भागात डर्बीच्या हलक्या गाड्या सुरू झाल्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि लेलँडची १२५ अश्वशक्तीची इंजिनं व टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे १९३८चा वारसा. त्यापाठोपाठ वेस्ट कंबरलँडसाठी आलेल्या संचांत मात्र ए.ई.सी.चं इंजिन, फ्लुइड फ्लायव्हील आणि विल्सन पद्धतीचा गिअरबॉक्स. पुढे जे शेकडो संच बांधले गेले त्यांतल्या बहुतेकांनी हीच दुसरी वाट धरली. उडत्या केळ्याचं यंत्र असं देशभर पोचलं. आणि मुख्य म्हणजे हे संच एकमेकांना जोडता येत होते. सकाळी गर्दीला दोन-तीन संच एकत्र, दुपारी एकच, आणि सगळ्यांना एक ड्रायव्हर. आज पुणे-दौंड मार्गावर डेमूत चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १९०३ साली स्ट्राउडच्या खोऱ्यात पडलेल्या प्रश्नाचं उत्तर एकावन्न वर्षांनी मिळालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९५८मध्ये, तोट्यातल्या शाखा वाचवायच्या म्हणून, ब्रिटिश रेल्वेने पुन्हा एकदा चारच चाकांच्या, एकट्याने धावणाऱ्या २२ रेलबस मागवल्या, त्याही पाच वेगवेगळ्या कारखान्यांकडून. पाच कारखाने, पाच तऱ्हांचे सुटे भाग! शेडमधल्या स्टोअरकीपरने कपाळाला हात लावला असेल. आसनं पन्नासच्या आसपास. शाळा सुटल्यावर किंवा बाजाराच्या दिवशी त्या अपुऱ्या, एरवी रिकाम्या. हा हिशोब करताना ग्रेट वेस्टर्नच्या जुन्या फायली कोणी उघडल्या होत्या का, असा प्रश्न मला पडतो.

त्यांतल्या काही फेब्रुवारी १९५९पासून ग्लॉस्टरशरमध्ये केंबलहून सायरन्सेस्टर आणि टेटबरीला धावू लागल्या. गंमत म्हणजे स्ट्राउडचं खोरं तिथून जवळच. नवे हॉल्ट काढले, त्यांतला एक ‘ट्रबल हाउस’ नावाच्या दारूच्या गुत्त्यासमोर, शेतात. त्या गुत्त्याखेरीज तिथे उतरायला दुसरं कारण नाही. फलाट इतका बुटका की चढायला-उतरायला बिअरच्या पेटीवर पाय द्यावा लागे. प्रवासी वाढलेही. पण तोटा मोजणाऱ्यांना ते पुरेसे नव्हते, आणि १९६३मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा, तोट्यातल्या लाइनी बंद करा असं सांगणारा अहवाल आला. एप्रिल १९६४मध्ये या दोन्ही लाइनी बंद झाल्या. शेवटच्या दिवशी ट्रबल हाउसला काळ्या टोप्या घातलेल्या मंडळींनी एक शवपेटी गाडीत चढवली. ती गुत्त्याच्या मालकानेच आपल्या भावाच्या मदतीने तयार केली होती. आत व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या, आणि वर पत्ता डॉ. बीचिंग यांचा. केंबलला ती उतरवून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणाऱ्या गाडीत ठेवण्यात आली. ती गाडी अर्थातच पुष्कळ डब्यांची होती.